टकटकबाई आणि अठराशे त्रेचाळीस धोके

शेवाळावरच्या पुस्तकाचं तीनशे अकरावं पान टाइप करणं चालू असताना कॉम्प्युटरच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून एक दाट केसांची तरुणी वर आली आणि तिने विचारलं, "टक्कल? आता विसरा!" वेळ अशी वाईट की त्या क्षणी टकटकबाईंच्या शेजारच्या खुर्चीत पुस्तकाचे लेखक बसले होते. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. डोकं असं गुळगुळीत की खोलीतला दिवा त्यात स्पष्ट दिसावा.

"बाई, हे माझ्या प्रकरणात नाही," प्राध्यापक म्हणाले.

"नाही सर."

"मग ही बोलतेय कोणाशी?"

बाईंनी फुलीवर टिचकी मारून तरुणीला घालवलं. तिच्या जागी गुडघा धरून कण्हणारे एक गृहस्थ आले. त्यांना हाकललं तर घंटा वाजवत "अभिनंदन! तुम्ही जिंकलात!" अशी आरोळी आली. प्राध्यापक दचकून उठलेच.

"शनिवारी दुपारी बाराला छापखान्यात पोचायला हवं हं बाई. चुकलं तर यंत्रावर दुसऱ्याचं पुस्तक चढणार आणि माझं शेवाळ पुढच्या वर्षावर जाणार. नऊ वर्षं थांबलोय मी."

"पोचेल सर. माझ्याकडून आजवर तारीख चुकलेली नाही."

हे खरं होतं, आणि ते बाईंच्या आयुष्याचं सार होतं. गल्लीत त्यांना टकटकबाई म्हणत. एकतीस वर्षं एका मोठ्या कचेरीत टायपिस्ट, निवृत्तीनंतर पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल टाकून घरचं काम. प्रबंध, अर्ज, आत्मचरित्रं, न खपणाऱ्या कविता, सगळं त्यांच्या बोटांतून गेलेलं. डोक्यातून मात्र काहीच गेलेलं नाही. टायपिंग शिकवणाऱ्या मास्तरांनी कळांवर फडकं टाकून आणि हातात पट्टी घेऊन त्यांना एकच मंत्र दिला होता: मजकूर डोळ्यांतून आत येतो आणि बोटांतून बाहेर जातो, मधे त्याला मुक्काम करू द्यायचा नाही. मुक्काम केला की चूक झालीच म्हणून समजा. बाईंनी तो मंत्र इतका पाळला की एकदा त्यांनी स्वतःच्याच बदलीचा हुकूम चार प्रतींत बिनचूक टाइप केला, साहेबांपुढे सहीला ठेवला, आणि संध्याकाळी तो हातात पडल्यावर मटकन खाली बसल्या.

त्या हुकुमाच्याही तळाशी, डाव्या कोपऱ्यात, रिवाजाप्रमाणे साहेबांची आद्याक्षरं, तिरकी रेघ आणि पुढे बाईंची आद्याक्षरं होती. कागदात उद्या काही निघालं तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून. बाई ती दोन अक्षरं घातल्याशिवाय मशीनमधून कागद काढत नसत. चूक झाली तर माझी, असा त्याचा अर्थ. चूक होत नसे ही गोष्ट वेगळी.

त्यामुळे प्राध्यापक गेल्यावर बाईंनी खुर्ची मागे सरकवली आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "भावजी! जरा खाली या!"

भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. वरच्या मजल्यावर राहत. पाणी खात्यात मीटर रीडर होते. पस्तीस वर्षं लोकांच्या अंगणातली झाकणं उचलून आत डोकावले आणि दिसला तो आकडा वहीत उतरवला. कोणी भांडायला आलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "आकडा मीटरचा. मी फक्त वाचतो." या एका वाक्यावर माणूस सुखाने निवृत्त झाला होता. कॉम्प्युटर दोघा भावांनी मिळून घेतला होता. बाईंचं काम म्हणून तो खालच्या खोलीत बसवला, आणि भावजींना बुद्धिबळ खेळायला रोज चार ते पाच असा एक तास मिळाला. आठ वर्षं ते तो एक तास जेलमधल्या कैद्यासारखे भोगत होते आणि उरलेले तेवीस तास मनात धरत होते.

काठी टेकत ते खाली आले. गेल्याच महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

"काय काय उघडून ठेवता हो तुम्ही यावर?" बाईंनी सुरुवातीलाच तोफ डागली. "जाहिरातींची जत्रा भरलीय नुसती!"

"मी? मी घोडे आणि उंट सोडून कशाला हात लावत नाही. तुमचेच ते गिऱ्हाईक, काय काय पेनड्राइव्हमधून घेऊन येतात."

"असं? मग मला सांगा, मघाशी गुडघेदुखीचं औषध विकायला आला होता तो. या घरात गुडघा कोणाचा दुखतो?"

भावजी काठी आपटून म्हणाले, "आणि टकलाचं तेल? टक्कल कोणाला आहे? मला की तुमच्या त्या प्रोफेसरांना?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला! सरांनी माउसला बोटसुद्धा लावलेलं नाही."

"आणि माझ्यावर आळ घेताना वहिनी, तुम्ही पाहिलंत मला? नाही ना? मग! नांगराला जुंपलेल्या बैलासारखं राबवून तुम्हीच वाट लावलीत त्याची. वर असता तर नीट राहिला असता. मी सांगतो, शनिवारपर्यंत हे साफ झालं नाही तर मी उचलून वर नेणार. माझा अर्धा वाटा आहे त्यात."

"न्या ना! शनिवारी संध्याकाळी या आणि न्या. पण त्याआधी साफ झालं तर पुन्हा वर न्यायचं नाव काढायचं नाही!"

हे तोंडातून गेलं आणि बाईंना कळलं की आपण घाईत भलत्याच गोष्टीला होकार देऊन बसलो. आता साक्षीदार म्हणून दोघांनी बाईंच्या यजमानांकडे पाहिलं. यजमान वर्तमानपत्रामागे होते. भांडण सुरू झालं की ते कानातलं यंत्र काढून खिशात घालत, हा त्यांच्या सुखी संसाराचा पाया होता. दोघं आपल्याकडे बघतायत हे पाहून त्यांनी दोघांकडे बघून आळीपाळीने मान डोलावली. करार झाला.

मंगळवारी जाहिरातींनी बाईंना जेरीला आणलं. शेवाळाच्या जातींची नावं शोधायला इंटरनेट उघडावं तर नेहमीच्या पानाऐवजी भलतंच पान उघडे, आणि त्यावर शेवाळ म्हटलं की बाथरूमच्या फरश्या घासायची पावडर. एका पानामागे तीन पानं आपोआप उघडत. तास उलटे, पान उलटत नसे. संध्याकाळी मोजलं तर दिवसभरात जेमतेम अकरा पानं झाली होती. राहिली होती नव्वद.

बुधवारी त्या दाढ दाखवायला दंतवैद्याकडे गेल्या. परत येतात तो भावजी त्यांच्या खुर्चीत, चष्मा कपाळावर, हातात फोन. पडदा लालभडक झालेला आणि त्यावर मोठा आकडा: १८४३.

"बघा वहिनी! एक हजार आठशे त्रेचाळीस धोके आहेत यात. तरी म्हटलं!"

"हे कोणी सांगितलं?"

"आकडाच सांगतोय! मी खेळत होतो, आपणहून वर आलं. तपासणी फुकट. मग मी त्यांचा सफाईवाला प्रोग्रॅम पण आत घेतला. तोही फुकट. आकडा खोटं बोलत नाही."

"आणि तो आत आल्यावर?"

भावजींनी घसा साफ केला. "तो त्याच्या स्वतःच्या खिडकीत दोन हजार एकशे सात दाखवतोय. वापर वाढला की आकडा वाढणारच, त्यात काय? इथे एक फोन नंबर दिलाय, त्यांचा तज्ज्ञ म्हणे घरबसल्या—"

बाईंनी पुढचं ऐकलं नाही. त्या वाकल्या आणि भिंतीतून वायरच उपटली. पडदा विझला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ज्यांच्या देखत कोणी मीटर उपटलं नव्हतं ते भावजी तोंड उघडं ठेवून बघत राहिले.

"रोगापेक्षा औषध भारी!" बाई दाढ धरून म्हणाल्या. "उठा माझ्या खुर्चीतून!"

गुरुवारी सकाळी त्यांनी फोन लावला तो पुतणीला. भावजींची मुलगी, दुसऱ्या शहरात एका मोठ्या दवाखान्याच्या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायची. शत्रूच्या घरची असली तरी पोरगी सरळ होती.

"काकू, आधी त्या नंबरला बाबांनी फोन केला का?"

"करणार होते. मी वायर काढली."

"शाब्बास! आता लाव. मी सांगते तेवढंच करायचं. आणि जी खिडकी उघडेल ती मला अक्षरन् अक्षर वाचून दाखवायची, मग बटण."

बाईंनी पहिली खिडकी उघडली. फोनवरून पुतणीने विचारलं, "काय लिहिलंय?"

"गेली."

"कुठे गेली?"

"मी एंटर दाबला."

"काकू! वाचायच्या आधी?"

"अगं, मी नाही दाबला. करंगळीने दाबला."

दुसऱ्या खिडकीला तेच. तिसरीलाही. एंटरची कळ उजव्या करंगळीच्या हद्दीत येते, आणि ओळ संपली की करंगळीने तिकडे जायचं हे एकतीस वर्षांचं वळण. समोर काही येऊन थांबलं की करंगळी त्याला पुढे ढकलायची, जसा शिपाई खिडकीतून टोकन ढकलतो. आत काय लिहिलंय ते बघायचं काम साहेबांचं.

"काकू, उजवा हात मांडीखाली घेऊन बस," पुतणी शेवटी म्हणाली. "माउस डाव्या हाताने."

साठी उलटलेली बाई शाळेत शिक्षा झाल्यासारखी हातावर बसली आणि वाचू लागली. वाचताना बाई अडखळत होत्या. अक्षरं आत यायची आणि बाहेर जायची वाट न सापडल्यामुळे डोक्यात गर्दी करायची. पण हळूहळू अर्थ लागायला लागला. कोणकोणत्या पानांना सूचना पाठवायची परवानगी आहे, त्याची यादी निघाली. त्यात तेलवाले, गुडघेवाले, घंटावाले, सगळे अधिकृत परवाना घेऊन बसलेले.

"यांना परवानगी दिली कोणी?" बाई भडकल्या.

"कोणीतरी 'हो' दाबलं असणार काकू. एकेकाला काढून टाक. आता ब्राउझरमधली जोडकामं, म्हणजे एक्स्टेन्शन्स, बघ. तू स्वतः लावलेलं नाही असं जे दिसेल ते काढ. पहिलं पान आणि शोधायचं पान, दोन्ही पूर्वीसारखी कर. झालं? आता सगळ्या प्रोग्रॅमांची यादी उघड, आणि ती तारखेप्रमाणे लाव."

यादी लागली. सगळ्यात वर कालचा सफाईवाला. हे भावजी. बाईंनी समाधानाचा श्वास घेतला. मग बरीच खाली, गेल्या महिन्याच्या चौदा तारखेला, एकाच दिवशी आलेली चार नावं. एक होतं 'पानं जोडा फुकट'. उरलेली तीन त्यांनी कधी ऐकलीही नव्हती.

"ते तिघं पहिल्याच्या पाठीवर बसून आलेत," पुतणी सांगत होती. "फुकटातलं काही घेताना दोन पर्याय येतात, 'झटपट' आणि 'मी स्वतः निवडतो'. झटपट घेतलं की हे पाहुणे येतातच. नेहमी दुसरा पर्याय घ्यायचा, एकेक टीक काढायची. आणि घ्यायचं तर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरून, शोधल्यावर सगळ्यात वर जाहिरात येते तिथून नाही. काकू, आहेस ना?"

बाईंनी डाव्या हाताने कामाची वही ओढली. चौदा तारीख. त्यांच्याच वळणदार अक्षरात: 'सरांची सात प्रकरणं एकत्र जोडली.' आणि त्या दिवशी भावजी कुठे होते हे वहीत बघायची गरज नव्हती. तेरा ते सतरा ते दवाखान्यात पलंगावर पाय वर बांधून पडले होते, आणि सगळं घर त्यांच्या गुडघ्याची ख्यालीखुशाली विचारत होतं.

बाईंना तो दिवस आठवेना, आठवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. खिडक्या आल्या असतील. करंगळीने त्या पुढे ढकलल्या असतील. पुढे, पुढे, पुढे, हो, हो.

"काढू का सगळे?" त्यांनी विचारलं.

"काढ. मग कॉम्प्युटरच्या पोटात व्हायरस पकडणारा एक पहारेकरी असतो, बाबांच्या सफाईवाल्याने त्याला झोपवून ठेवला असेल. त्याला उठव, पूर्ण तपासणी करायला सांग, आणि शेवटी बंद करून चालू कर."

चौदा तारखेची चार नावं एकामागून एक गेली. सफाईवाला जाताना गयावया करत होता: 'खरंच जायचं? तुमचा कॉम्प्युटर असुरक्षित राहील!' बाईंनी ते पूर्ण वाचलं, मोठ्याने "मर मेल्या" म्हणाल्या आणि मग दाबलं. तपासणीत आणखी दोन चोर सापडले, तेही गेले. दुपारी पडदा इतका शांत होता की बाईंना स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. चौदा तारखेचा पुरावाही त्या शांततेत बुडाला होता. वही सोडली तर जगात कोणालाही कळणार नव्हतं.

शनिवारी साडेअकराला प्राध्यापक शेवाळ छातीशी धरून छापखान्याकडे धावले. संध्याकाळी भावजी एक जुनी चादर आणि दोरी घेऊन खाली उतरले. गुडघा नवा असला तरी मनसुबा जुना होता.

"झालं का साफ? किती धोके उरले?"

"एकही नाही. बसा, बघा."

भावजींनी पडदा वरून, खालून, बाजूने पाहिला. "आकडा कुठाय?"

"नाही आकडा. शून्य."

"शून्य म्हणजे मीटर बंद असतं वहिनी!"

"किंवा नळ बंद असतो, भावजी."

भावजींनी चादर खुर्चीवर टाकली आणि जाता जाता, केवळ हरलेल्या माणसाने दारातून एक दगड मारावा म्हणून, विचारलं, "मग ते सगळं मुळात आणलं कोणी होतं?"

खाई त्याला खवखवे. बाईंनी दोन दिवस या प्रश्नाची वाट पाहिली होती आणि दोन्ही दिवस उत्तर एका कागदावर टाइप होऊन खणात तयार होतं. ते तिथेच राहू द्यावं असं त्यांना वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण त्या कागदाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, आद्याक्षरं पडलेली होती. त्यांनी खण उघडला.

कागदावर सुबक समास सोडून टाइप केलं होतं: एक, गेल्या महिन्याची चौदा तारीख, 'पानं जोडा फुकट' व सोबतचे तीन आगंतुक, आणणार: सौ. वहिनी. दोन, गेला बुधवार, सफाईवाला, आणणार: भावजी. तीन—

भावजी तीनपर्यंत गेलेच नाहीत. "म्हणजे मी नव्हतोच!" त्यांचा आवाज चढला. "माझा पाय छताला टांगलेला होता आणि तुम्ही माझ्या गुडघ्यावर घसरलात! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच! दादा, ऐकलंस? यंत्र घाल कानात, यंत्र! हिने आणलं सगळं!"

यजमानांनी शांतपणे मान डोलावली.

"आता तर नेणारच वर. साफ केलंत म्हणून काय झालं? घाण करणाऱ्याच्या हातात पुन्हा द्यायचं? तुमच्यापेक्षा मी बरा!" त्यांनी चादर पुन्हा उचलली.

ही खिडकी, हे टेबल, उद्या येणारे प्रबंध, सगळं त्या चादरीत बांधलं जाताना बाईंना दिसलं. पण त्या उठल्या नाहीत.

"न्या," त्या म्हणाल्या. "खोटं बोलून ठेवून घ्यायचं नाही मला. फक्त तिसरी ओळ वाचा, आणि तिथे आद्याक्षरं घाला."

भावजींनी चष्मा खाली ओढला. "तीन. यापुढे या कॉम्प्युटरमध्ये जे काही येईल, त्याला जबाबदार," त्यांनी वाचलं. पुढे ठिपके होते.

"मी कशाला घालू?"

"ज्याच्या घरात राहील त्याने घालायची. पेन हे घ्या."

भावजींनी पेन घेतलं. ठिपक्यांवर धरलं. पस्तीस वर्षांत त्यांनी हजारो वह्यांवर लोकांच्या सह्या घेतल्या होत्या. स्वतःचं अक्षर कुठल्याही आकड्याखाली पडू दिलं नव्हतं. पेनाचं टोक कागदावर टेकलं, एक निळा ठिपका पडला, आणि हात वर आला.

"वर ऊन फार येतं दुपारी," ते म्हणाले.

"येतं ना."

"यंत्राला चांगलं नाही."

"अजिबात नाही."

चादरीची घडी घालून ते जिन्याकडे गेले. तिसऱ्या पायरीवरून वळून म्हणाले, "पण गुडघ्याबद्दल माफी मागितली नाहीत तुम्ही!"

"लेखी देऊ? प्रती किती हव्यात?"

तिसऱ्या ओळीवर बाईंनी त्याच बैठकीत, त्याच पेनाने आपली दोन अक्षरं घातली आणि कागद पडद्याच्या वर चिकटवला.

रविवारी चारच्या ठोक्याला भावजी आले. घोडा अडीच घर चालवतात न चालवतात तोच पडद्यावर एक खिडकी उघडली. बाईंची करंगळी शेजारच्या खुर्चीतूनच हलली. त्यांनी उजवा हात मांडीखाली सरकवला.

"वाचा."

"दिसतंय की तुम्हाला!"

"मोठ्याने. अक्षरन् अक्षर."

"हे पान तुम्हाला सूचना पाठवू इच्छितं," भावजींनी दात ओठ खात वाचलं. "परवानगी. नकार."

"मग?"

"जणू काही मला कळत नाही!" म्हणत त्यांनी नकार दाबला, आणि पुढच्या चालीला आपला वजीर घालवून बसले. दोषही बाईंनाच दिला.